सॉफ्टवेअर विकायचं की वाटून टाकायचं? वाचकांचे प्रश्न

या वेळी कोल्हापूर जिल्ह्यातून आलेली बरीच पत्रं एकाच विषयाची होती. स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर कुणी विकतो, कुणी फुकट देऊन टाकतो, यामागचा हिशेब काय? त्यातली निवडक पत्रं थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत. कायद्याचा उल्लेख येतो तिथं १९५७ चा भारतीय कॉपीराइट कायदा समजावा.

प्रश्न: जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणणारा प्रोग्राम माझ्या मुलानं चार महिने खपून तयार केला आणि इंटरनेटवर फुकट टाकला. आमच्याच गल्लीतला त्याचा मित्र पतसंस्थांना सॉफ्टवेअर देऊन वर्षाला पैसे घेतो. मुलाचं नुकसान होतंय असं मला वाटतं. फुकट देण्यात शहाणपण काय?
एक पालक, राजारामपुरी

उत्तर: दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण दोघांनी केलेल्या वस्तू वेगळ्या जातीच्या आहेत.

आधी खर्च कुठं होतो ते पाहू. शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, एकदाच बनतो, पण प्रत्येक कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या वस्तूला, धातू, वीज आणि मजुरी नव्यानं लागते. सॉफ्टवेअरमध्ये सगळा खर्च पॅटर्नवर, कास्टिंगवर शून्य. हजारावी प्रत काढायला काहीच लागत नाही. म्हणून प्रतीमागे पैसे मिळवायचे तर कायद्यानं किंवा कुलपानं प्रत अडवावी लागते. नाहीतर प्रत सोडून द्यायची आणि पैसे दुसऱ्याच कशाचे तरी घ्यायचे.

हा वाद जुना आहे. १९६९ पर्यंत मोठ्या संगणकांबरोबर सॉफ्टवेअर यंत्राच्या किमतीतच येई. त्या वर्षी आयबीएमनं त्याची वेगळी किंमत लावायचं जाहीर केलं. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहिलं. आमचा बेसिक (प्रोग्राम लिहायच्या भाषेचं सॉफ्टवेअर) तुम्ही पैसे न देता वाटून घेता, मग चांगलं सॉफ्टवेअर लिहिणार कोण, असा त्याचा रोख होता. उलट बाजूनं १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते उघडून पाहता, बदलता आणि पुढं देता आलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा दिला आणि १९९२ मध्ये तो ग्नूच्याच जीपीएल लायसन्सखाली, म्हणजे वापराच्या परवानगीच्या अटींखाली, आणला.

आता तुमच्या मुलाचा प्रोग्राम घ्या. जुन्या फॉन्टांमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं टाइप होत. ऱ्हस्व वेलांटी आधी, मग व्यंजन. रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफाराचा 'र्' व्यंजनाच्या आधी. 'मूर्ती' हा शब्द जुन्या फॉन्टात म, दीर्घ उकार, त, दीर्घ वेलांटी आणि मग रफार असा साठवलेला असतो. तो उलगडून पुन्हा लावावा लागतो. 'स्थिती'मध्ये पहिली वेलांटी 'स्थ' हे पूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडं न्यावी लागते. शिवाय प्रत्येक जुन्या फॉन्टाचा तक्ता निराळा. हे सगळे तक्ते एकट्या मुलाकडं असणं शक्य नाही. प्रोग्राम उघडा ठेवला की सांगलीचा छापखानावाला आपला तक्ता पाठवतो, नागपूरचा कुणी 'ज्ञ' चुकतोय म्हणून दुरुस्ती पाठवतो. हा माल विकत मिळत नाही. आणि गिऱ्हाईक पाहिलं तर डीटीपीवाल्याला हा प्रोग्राम महिन्यातून एखाद-दोनदा लागणार. त्याच्याकडून दोनशे रुपये वसूल करायला लागणारे फोन आणि पावत्या दोनशेला परवडत नाहीत.

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर याच्या अगदी उलट. व्याजाचे दर बदलतात, लेखापरीक्षक नवा तक्ता मागतो, ३१ मार्चला रात्री ताळेबंद जुळत नाही म्हणून फोन येतो. तिथं कोड, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम, हा कामाचा लहानसा भाग आहे. त्या रात्री फोन उचलणारा माणूस हवा असतो, आणि पैसे त्या माणसाचे.

बाकी कारणंही आहेत. नोकरी देणाऱ्याला पदवीच्या कागदापेक्षा चालता प्रोग्राम आणि त्यावर आलेल्या तक्रारींना दिलेली उत्तरं जास्त सांगून जातात. मोठ्या कंपन्या फुकट देतात तेव्हा त्यांची कमाई शेजारच्या वस्तूवर असते. गुगलनं अँड्रॉइडचा गाभा उघडा ठेवला, पैसे जाहिरातींवर आणि प्ले स्टोअरवर मिळवले. आणि तत्त्वासाठी देणारेही भरपूर आहेत. त्यांना भोळं समजू नये. आज जगातले बहुतेक वेब सर्व्हर त्यांच्याच कामावर चालतात.

मुलाला एवढंच विचारा: लायसन्स लावलंय का? ते नसेल तर पुढचं उत्तर त्याला वाचायला द्या.

प्रश्न: आम्ही तिघा मित्रांनी कॉलेजच्या प्रोजेक्टचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाकला. पुण्याच्या एका कंपनीनं तो वापरू का असं विचारलं आणि 'लायसन्स कोणतं?' असंही विचारलं. आम्ही काहीच लावलेलं नाही. सगळ्यांसाठी खुलाच आहे ना तो?
एक विद्यार्थी, गारगोटी

उत्तर: नाही. कायद्याच्या नजरेत संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती आहे आणि लिहिल्या क्षणापासून हक्क लिहिणाऱ्याचे. नोंदणीचीही गरज नाही. गिटहबच्या अटींमुळे लोकांना तुमचा कोड पाहता येतो आणि तिथल्या तिथं त्याची फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत, घेता येते, पण लायसन्स नसेल तर आपल्या उत्पादनात घालता येत नाही. कंपनीनं विचारलं हे शहाणपणाचंच केलं.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी तिघांची लेखी संमती घ्या, ई-मेल पुरेसा आहे. कोड तिघांचा आहे, त्यामुळे एकानं परस्पर लायसन्स लावलं तर ते कच्चं. प्रोजेक्टला एखाद्या कारखान्यानं पैसे दिले असतील किंवा कॉलेजात काही हमीपत्रावर सह्या केल्या असतील तर तो कागद काढून वाचा. विद्यार्थी हा कॉलेजचा नोकर नसतो, त्यामुळे हक्क आपोआप कॉलेजकडं जात नाही. पण सही केली असेल तर गोष्ट वेगळी.

मग इतरांकडून घेतलेल्या लायब्ऱ्यांची, म्हणजे तयार कोडच्या संचांची, यादी करा आणि प्रत्येकीचं लायसन्स तपासा. बहुतेकांची गाडी इथंच अडते. एखादी लायब्ररी जीपीएलची असेल आणि ती तुमच्या प्रोग्रामला जोडूनच वाटली जात असेल, तर तुमचा पूर्ण प्रोग्रामही जीपीएलखालीच द्यावा लागतो. अपाची २.० या लायसन्सचा कोड फक्त जीपीएल २ असलेल्या प्रोग्राममध्ये मिसळता येत नाही, जीपीएल ३ मध्ये चालतो. इंटरनेटवरच्या प्रश्नोत्तरांतून उचललेले तुकडेही याच यादीत घाला.

आता निवड. कुणीही वापरा, विका, फक्त आमचं नाव ठेवा, असं म्हणायचं असेल तर एमआयटी. तेच हवं, पण पेटंटचा दावा लावणार नाही ही हमीही स्पष्ट हवी असेल तर अपाची २.०. जो कुणी बदल करून पुढं वाटेल त्यानं आपला सोर्स कोडही (माणसाला वाचता, बदलता येणारा मूळ कोड) द्यावा, असं वाटत असेल तर जीपीएल ३. वेबवर चालणारा प्रोग्राम असेल तर जीपीएलमध्ये एक फट राहते. समोरचा बदल करून तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवतो, प्रत कुणाला देतच नाही, म्हणून कोड द्यायची वेळ येत नाही. ती फट एजीपीएल बुजवतं. पुष्कळ कंपन्या एजीपीएल पाहून मागं फिरतात, हेही लक्षात ठेवा. तुमच्यासारख्या नोकरी शोधणाऱ्यांना आमचा सल्ला एमआयटी किंवा अपाची. मेहनतीवर दुसऱ्यानं कुलूप लावलेलं ज्याला सहन होणार नाही, त्यानं मात्र जीपीएलच घ्यावं आणि नंतर कुरकुर करू नये.

गिटहबवर नवी फाइल घेऊन तिला इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'लायसन्स' नाव दिलं की तयार मसुदा निवडायचं बटण दिसतं. त्यात वर्ष आणि तिघांची नावं भरा. प्रत्येक कोड फाइलच्या डोक्यावर लायसन्सचं नाव सांगणारी एक ओळ टाका. फाइल एकटी उचलून नेली तरी ओळख राहते. स्वतःच्या शब्दांत लायसन्स लिहू नका. 'फक्त चांगल्या कामासाठी' किंवा 'विद्यार्थ्यांना मोफत' अशा ओळींनी कंपनीचा वकील काम थांबवतो. आणि एकदा दिलेली परवानगी त्या प्रतीपुरती परत घेता येत नाही. पुढच्या आवृत्तीचं लायसन्स बदलता येतं, मागचं नाही.

प्रश्न: आमच्या दूध संस्थेनं सहा वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर विकत घेतलं. आता तो माणूस दरवर्षी एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, मागतो, नाही दिली तर दरपत्रक बदलून देत नाही. वर फोनही उचलत नाही. एकदा विकत घेतल्यावर पुन्हा पैसे कसले? कुणी फुकट सॉफ्टवेअर देत असेल तर सांगा.
दूध संस्थेचे सेक्रेटरी, करवीर तालुका

उत्तर: पैसे कसले ते आधी सांगतो, मग फोनचं.

तुमचं सॉफ्टवेअर सकाळ-संध्याकाळ दोन वेळा काट्यावरून लिटर आणि मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) उचलतं, दरपत्रकातून दर काढतं, दहा दिवसांचं बिल करतं, पशुखाद्य आणि ॲडव्हान्सची कपात लावतं, दिवाळीला वर्षभराचा दरफरक काढतं. यातलं काहीही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पादक दारात उभा. आणि बिघडतं ते बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या बाहेर. मशीनची वायर यूएसबी कन्व्हर्टरमधून जोडलेली असते. झाडलोट करताना कुणी ती दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज तिला नवा पोर्ट नंबर देतं आणि सॉफ्टवेअर जुन्याच पोर्टवर वाट बघत बसतं. मशीन बदललं की डेटा पाठवायचा वेग आणि रचना बदलते. संगणक फॉरमॅट केला की डेटाबेस जातो, कारण बॅकअप त्याच डिस्कवर होता. एएमसी या धावपळीची असते.

आता हिशेब. समजा, एका माणसाकडं पन्नास संस्था आहेत आणि तो प्रत्येकीकडून वर्षाला दोन हजार घेतो. लाखभर रुपयांत पेट्रोल, एक मदतनीस आणि त्याचं स्वतःचं घर भागणार नाही. तो दुसरं काम धरतो आणि तुमचा फोन वाजत राहतो. सहा हजार घेतले तर तीन लाख होतात, एक माणूस पूर्णवेळ ठेवता येतो. स्वस्त एएमसी आणि न उचललेला फोन हे एकाच करारातून येतात, हे संचालक मंडळाला स्पष्ट सांगा.

तरीही तुमची कोंडी खरी आहे आणि ती कराराच्या कागदावरच सुटते. नूतनीकरणाच्या वेळी या गोष्टी लिहून घ्या. सभासद क्रमांक, तारीख, वेळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम एवढे रकाने असलेली एक्सेल फाइल संस्थेला कधीही, विनाशुल्क, स्वतः काढता आली पाहिजे. डेटाबेसचा पासवर्ड बंद पाकिटात संस्थेकडं. वर्षात दरपत्रकाचे किती बदल आणि किती फेऱ्या धरल्या आहेत, तो आकडा. डोंगल, म्हणजे संगणकाला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणारी किल्ली, असेल तर दुसरा डोंगल आत्ताच. आणि व्यवसाय बंद झाला तर सोर्स कोड संस्थेला मिळेल अशी अट. हा कोड त्रयस्थाकडं ठेवायचा तर ठेवताना एका रिकाम्या संगणकावर तो चालू करून दाखवायला सांगा. न चालणारा कोड कपाटात ठेवून उपयोग नाही. बॅकअप रोज रात्री पेनड्राइव्हवर आणि आठवड्यातून एकदा संस्थेच्या बाहेर. सॉफ्टवेअर चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, सॉफ्टवेअरमधलंच बॅकअपचं बटण दाबा. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

फुकट सॉफ्टवेअर शोधू नका. फुकट मिळालं तरी पोर्ट नंबर बदलायला माणूस लागणारच. त्यापेक्षा तालुक्यातल्या पन्नास संस्थांनी एकदा प्रत्येकी सहा हजार काढावेत, त्या तीन लाखांत सॉफ्टवेअर करून घ्यावं आणि करारातच लिहावं की कोड जीपीएलखाली राहील. मग देखभालीला कोणताही जाणकार माणूस लावता येतो. एक नको झाला तर दुसरा. कोड उघडा असण्याचा दूध संस्थेला खरा फायदा हा आहे, आणि सहकाराची सवय असलेल्या जिल्ह्यात हे अजून सरसकट झालेलं नाही याचं आम्हाला वाईट वाटतं.

प्रश्न: जॉबकार्ड आणि कास्टिंगच्या वजनाचा हिशेब ठेवायला एका मुलाकडून सॉफ्टवेअर करून घेतलं. पूर्ण पैसे दिले. आता तो तेच शेजारच्या कारखान्यांना विकतो. माझ्या पैशानं केलेलं सॉफ्टवेअर माझं नाही का?
एक फाउंड्रीचालक, शिरोली एमआयडीसी

उत्तर: बहुधा नाही. तो तुमच्या पगारपत्रकावर असता आणि नोकरीचा भाग म्हणून त्यानं ते लिहिलं असतं, तर वेगळा करार नसताना कलम १७ प्रमाणे पहिले मालक तुम्ही. पण बाहेरच्या माणसाला ठरावीक रकमेत काम दिलं तर हक्क त्याचाच राहतो, तुम्हाला वापरायची परवानगी मिळते. पैसे दिले म्हणून मालकी आपोआप येते ही सोय कायद्यानं छायाचित्र, चित्र, चित्रपट अशा काही कामांपुरती ठेवली आहे, त्यात सॉफ्टवेअर नाही.

मालकी हवी तर कलम १९ प्रमाणे लेखी, सहीचं हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तोही संपतो, वेगळं लिहिलं नसेल तर. नमुन्याच्या छापील करारात या तिन्ही जागा अनेकदा कोऱ्या असतात.

मात्र तुमचे दर, गिऱ्हाइकांची यादी, पॅटर्नची वजनं हा तुमचा माल आहे. तो त्याच्या दुसऱ्या प्रतीत गेला असेल तर जरूर हरकत घ्या. बाकी आमचा सल्ला ऐकाल तर त्याला विकू द्या. चार कारखाने वापरतील तर चुका लवकर सापडतील आणि तो या धंद्यात टिकेल. बदल्यात सोर्स कोडची प्रत आणि पुढची सुधारणा विनामूल्य मागा. पूर्ण मालकीचा दर त्यानं आधी सांगितला असता तर तो तुम्ही दिलेल्या रकमेच्या कितीतरी पट असता.

प्रश्न: फुकट देणारे जगतात कशावर? मला हेच काम करायचं आहे, पण घरी पटत नाही.
अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर: घरच्यांची शंका रास्त आहे. चालणारे मार्ग आहेत आणि माणूस मोडणारेही.

रेड हॅटनं लिनक्स विकलं नाही, त्यावरचा आधार आणि वेळेवर मिळणाऱ्या दुरुस्त्या वार्षिक वर्गणीनं विकल्या. २०१९ मध्ये आयबीएमनं ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कंपनीनं एकच कोड दोन लायसन्सांखाली दिला. जीपीएल पाळणार असाल तर फुकट, स्वतःचा कोड झाकायचा असेल तर पैसे भरा. यासाठी पूर्ण कोडचे हक्क एकाच हाती लागतात, म्हणून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक दुरुस्तीसोबत हक्काचा कागद घ्यावा लागतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे. कंपनी ते आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याचे पैसे घेते. जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असलेलं एसक्यूलाइट हे माहिती साठवणारं सॉफ्टवेअर तर सार्वजनिक मालकीचंच करून टाकलंय. ते सांभाळणारा लहानसा गट मोठ्या कंपन्यांच्या वर्गणीवर चालतो.

दुसरी बाजू. इंटरनेटवरच्या सुरक्षित देवाणघेवाणीचा मोठा भाग ज्यावर होता त्या ओपनएसएसएलमध्ये एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही चूक सापडली. तोवर त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलरच्या देणग्या येत होत्या. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लहानशा लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. ती सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला होता. मदतीला आलेल्या अनोळखी व्यक्तीनं दोनेक वर्षं विश्वास कमावला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा संशय आला, म्हणून जग वाचलं. फुकट कामाच्या आधारावर उभे असलेले लोक काही परत देत नाहीत तेव्हा हे होतं, आणि याचा राग यायलाच हवा.

काही कंपन्यांनी वैतागून लायसन्स आवळलं. इलास्टिकनं २०२१ मध्ये, हॅशीकॉर्पनं २०२३ मध्ये, रेडिसनं मार्च २०२४ मध्ये. मोठे क्लाउडवाले आमचा कोड चालवून पैसे कमावतात, ही त्यातल्या बहुतेकांची तक्रार. परिणाम असा की शेवटच्या उघड्या आवृत्तीवरून लोकांनी नवे प्रकल्प काढले, हॅशीकॉर्पच्या कोडवरून ओपनटोफू आणि रेडिसच्या कोडवरून वॅल्की. इलास्टिक आणि रेडिस पुढं एजीपीएलचा पर्याय देऊन परत उघड्या बाजूला आले. आधी फुकट देऊन नंतर कुलूप लावणं फार महाग पडतं. कशाचे पैसे घेणार हे पहिल्याच दिवशी जाहीर करा.

तुमच्यासाठी व्यवहाराचा रस्ता असा. पहिली दोन-तीन वर्षं नोकरी करा, शक्यतो जिथं उघड्या कोडवर काम होतं तिथं. करारपत्रातलं फावल्या वेळच्या कामाचं कलम सही करण्यापूर्वी वाचा. काही कंपन्या रात्री घरी लिहिलेल्या कोडवरही हक्क सांगतात. ते कलम बदलून घ्या किंवा तुमच्या प्रकल्पाचं नाव अपवाद म्हणून लिहून घ्या. प्रकल्प वाढला की प्रशिक्षण, बसवून देणं आणि खास बदल यांचे दर लावा. झिरोधा या शेअर दलाल कंपनीनं २०२४ मध्ये उघड्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा फ्लॉस फंड सुरू केला. एका प्रकल्पाला दहा हजार ते एक लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. पण तो आधीच वापरात असलेल्या प्रकल्पांसाठी आहे, कल्पनेसाठी नाही. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची. कर १८ टक्के, तो दरात आधीच धरा.

प्रश्न: मराठी पावती-पुस्तकाचं ॲप केलंय. ९९ रुपये लावू की फुकट देऊन जाहिराती घेऊ?
लहान ॲप बनवणारा, इचलकरंजी

उत्तर: फुकट द्या, आणि आतमध्ये एक विकत घ्यायची सोय ठेवा. प्ले स्टोअरवर एकदा फुकट केलेलं ॲप पुन्हा सशुल्क करता येत नाही, नवं ॲप म्हणूनच टाकावं लागतं. आतली विक्री मात्र कधीही जोडता येते. खात्याचे २५ डॉलर एकदाच. नव्या वैयक्तिक खात्याला सर्वांसाठी प्रकाशित करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. घाईत दोघांनी मधेच ॲप काढलं तर दिवस वाया जातात, म्हणून १५-१६ जण धरा. वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरच्या विक्रीवर गुगल १५ टक्के कापतं. ९९ मधले ८४ रुपये १५ पैसे उरतात, त्यातून कर वेगळा.

पावती फाडणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाइकासमोर जाहिरात नको असते. पावतीवर दुकानाचं नाव आणि लोगो, महिन्याची एक्सेल आणि दुसऱ्या फोनवर बॅकअप, एवढ्याला वर्षाचे पैसे तो देतो.

प्रश्न: फोटो-डीटीपीच्या दुकानात क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप तोडलेलं, सॉफ्टवेअर वापरतो. फुकट ते फुकटच, फरक काय?
लक्ष्मीपुरी

उत्तर: लेखकानं दिलं नाही ते घेणं, हा फरक. जाणूनबुजून वापरलं तर कलम ६३ बी खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथूनच गिऱ्हाइकांचे फोटो कुलूपबंद करणारे व्हायरस शिरतात. चित्र काढायला इंकस्केप, फोटोला गिंप, पान मांडायला स्क्रायबस हे खुले आहेत. मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट धंद्यातही विनाशुल्क वापरता येतात. अडचण छपाईच्या चार रंगांची येते. मांडणी स्क्रायबसमध्ये करून तिथून पीडीएफ काढा आणि पहिलं काम प्रेसवाल्याकडून तपासून घ्या.

प्रश्न: पंचवीस वर्षं सहकारी संस्थांचं सॉफ्टवेअर विकलं. आता व्यवसाय बंद करतोय. साठेक संस्था अजून वापरतात. कोड खुला करावा का, आणि कसा?
एक ज्येष्ठ सॉफ्टवेअर व्यावसायिक, शाहूपुरी

उत्तर: जरूर करा. तुम्ही कोड कपाटात ठेवला तर साठ संस्था पुढच्या विंडोज बदलाला अडकतील. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर आज जगभर वापरलं जातं ते अशाच वळणावरून. मूळ कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून कोड सोडवून घेतला आणि तो जीपीएलखाली आला. तुम्हीही असा एकरकमी मोबदला मागू शकता. संस्थांना मिळून परवडेल असा आकडा सांगा, त्यात कमीपणा नाही.

पण कोड जसाच्या तसा टाकू नका. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीनं १९९८ मध्ये कोड उघडा करताना इतर कंपन्यांकडून घेतलेले भाग आधी काढले होते. तुमच्याकडं रिपोर्ट छापणारे, तक्ते दाखवणारे विकतचे घटक आणि विकतचे मराठी फॉन्ट नक्की असतील. ते काढा आणि कोणता घटक कुठं होता ते लिहून ठेवा. कोडमध्ये पुरलेले पासवर्ड, डोंगलची किल्ली, चाचणीसाठी ठेवलेली खऱ्या सभासदांची नावं आणि खाती शोधून पुसा. कोडमध्ये झालेल्या जुन्या बदलांची नोंद, म्हणजे त्याचा इतिहास, सोबत देऊ नका. फाइल आज पुसली तरी ती इतिहासात सापडते. स्वच्छ प्रत नव्या जागी एकाच नोंदीनं टाका.

सोबत तीन कागद हवेत. पहिला, रिकाम्या संगणकावर कोडपासून चालतं सॉफ्टवेअर कसं बनवायचं, कम्पायलरच्या (कोडचं चालतं सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रोग्रामच्या) नेमक्या आवृत्तीसकट. व्हिज्युअल बेसिक ६ ही जुनी भाषा असेल तर हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. दुसरा, डेटाबेसचा प्रत्येक तक्ता आणि रकाना काय साठवतो याची यादी. आणि तिसरा, व्याज, कपात, लाभांश यांची सूत्रं जिथं-जिथं आहेत त्या फाइलींची नावं. पूर्वी काम केलेल्या माणसांचे हक्काचे कागद तपासा. नोकर नसलेल्या कुणी भाग लिहिला असेल तर त्याची लेखी संमती घ्या. जुन्या करारांत कुणाला कोड गुप्त ठेवण्याची हमी दिली असेल तर तिथून मोकळीक घ्या.

लायसन्स जीपीएल ३ सुचवतो. उद्या कुणी हाच कोड घेऊन पुन्हा बंद करून त्याच संस्थांना विकू नये, म्हणून. संस्थांना सहा महिन्यांची लेखी सूचना द्या, ती मार्चअखेर संपणार नाही असं बघा. ताळेबंदाच्या दिवसांत कुणालाच बदल झेपत नाही. एक-दोन तरुणांना या सहा महिन्यांत प्रत्येक संस्थेत सोबत न्या आणि सेक्रेटरींशी ओळख करून द्या. त्यांनी एएमसी लावावी, तुम्ही तिचा वाटा घेतलात तरी गैर काही नाही.